पिशवी न काढता

४ जानेवारी २०२४, गुरुवार. नांदेड

बायोप्सीचा रिपोर्ट आला. 'सीआयएन ३'. पेशीची आकृती वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले, तरी ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागली. गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी बिघडल्यात. बिघाड त्या थराच्या जवळजवळ पूर्ण जाडीत गेलाय, पण खालचा पडदा त्यांनी ओलांडलेला नाही. ओलांडला की त्याला कॅन्सर म्हणायचं. आज तो नाही.

त्रास मला कसलाच नव्हता. पाळी वेळेवर, अंगावरून जाणं नाही, ओटीपोटात दुखणं नाही. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या मैत्रिणीला सोबत म्हणून दवाखान्यात गेले. "आलाच आहात तर तुमचीही पॅप करून घ्या," असं सिस्टर म्हणाल्या म्हणून गर्भाशयमुखाच्या पेशींची ती तपासणी केली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच. तिच्यात बिघाड दिसला म्हणून ही बायोप्सी.

रिपोर्ट दाखवला त्या डॉक्टरांनी विचारलं, "मुलं किती? दोन ना? मग पिशवी काढून टाका. डोक्याला ताप नको." पुढच्या आठवड्यातली तारीखही सुचवली. "घरी विचारून सांगते," म्हणाले आणि जिना उतरले.

६ जानेवारी, शनिवार

घरात कुणीच दचकलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक की. माझी काढली, तुझ्या जावेची काढली. काय झालं?" जाऊबाईंची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली. तक्रार एवढीच, की अंगावर पांढरं जायचं. "ठेवली तर कॅन्सर होईल," असं त्यांना सांगितलं होतं. आधी कोणती तपासणी केली, असं आज विचारलं तर म्हणाल्या, "सोनोग्राफी." या बिघडलेल्या पेशी सोनोग्राफीत दिसत नाहीत. त्यांना हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि आज मी सांगून तरी काय उपयोग, म्हणून गप्प बसले.

बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण आठवलं. २०१९ साली ते गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली ८२,३०९ बायकांची, आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींना विशी-तिशीतच काढायला लावलेली. पाळी आली की कोयत्याचा खाडा होतो, मुकादम दंड लावतो, हे एक कारण. दुसरं कारण कॅन्सरची भीती. पांढरं जातंय, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, असं सांगितलं की बाई कर्ज काढून ऑपरेशन करते. अंडाशयंही गेली असतील तर रजोनिवृत्ती एकदम, हाडं लवकर ठिसूळ, आणि उसाची मोळी डोक्यावर उचलायची ती उचलायचीच.

आमच्या भागात बाईपुढे दोनच वाटा ठेवलेल्या असतात. काही होत नाही तर दवाखान्याचं नाव काढायचं नाही, आणि काही झालंच तर पिशवी काढायची. यांच्या मधे काही असतं का, हे मला शोधायचं आहे. संध्याकाळी लातूरला वहिनीला फोन केला. तिच्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आहेत. शुक्रवारी या म्हणाल्या.

१० जानेवारी, बुधवार

लोह्याच्या पुढे एसटी मुंगीच्या पावलानं. माळेगावची खंडोबाची यात्रा आजच सुरू झाली. उंट, घोडे, भंडाऱ्यानं पिवळे झालेले लोक. लातूरला पोचायला रात्र झाली.

११ जानेवारी, गुरुवार. औसा तालुका

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. दादाच्या शेतात कडब्याची खोप, आत चुना लावलेले पांडव, पुढे आंबिलाचं बिंदगं. यंदा पाऊस कमी, ज्वारी कमरेलाही लागत नाही. तरी भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांना सगळं भावकीचं गाव लोटलं.

जेवणं झाल्यावर बायका बांधावर बसल्या. आईनं माझा विषय काढलाच. मामी तोवर ऐकून घेत होती. मामीचं गाव जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव म्हणायचं. ती एकदम म्हणाली, "अगं, माझं झालंय की ते. लई वर्षं झाली."

आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत राहिलो.

"बार्शीची गाडी यायची. बाया घरोघर येऊन नावं लिहून घ्यायच्या. तिशीच्या पुढच्या सगळ्या. शाळंत पडदे लावले हुते. एक ब्रश आतून फिरवला आणि बाटलीत घातला, झालं. मग म्हैन्यानं माझं आणि दोघी-तिघींचं नाव आलं, पुन्ना बोलावलं. तितं गार मशीन लावलं बग. नुसतं गार. थोडं वळल्यागत दुखलं. मग तीनेक आठवडे पाणी जात हुतं अंगावरून. तेवढंच."

"मामांना सांगितलंस?"

"कशाला? म्हणले, बायकांचा दवाखाना हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "शेजारच्या गावात मातूर नुसती माहिती सांगून गेल्या. तपासलं नाही कुणाला. असं का केलं, ते काय मला कळलं नाही."

त्या बांधावर जे ऐकलं ते आयुष्यात कुठल्याच बांधावर ऐकलं नव्हतं. मामीनंतर माझी चुलतबहीण बोलली, मग शेजारची एक सून. पिशवी, पांढरं, पाळी, नवरा. पुरुष खोपीपलीकडे निवडणुकीवर बोलत होते.

१२ जानेवारी, शुक्रवार. लातूर

डॉक्टरबाईंनी स्लाइडचा रिपोर्ट नीट वाचला. कागदावर उलट्या पेरूसारखं गर्भाशय काढलं, खाली त्याचं तोंड काढलं आणि तोंडाभोवती पेनानं गोल केला. "बिघाड एवढ्या जागेत आहे. एवढाच भाग काढायचा. याला लीप म्हणतात. बारीक तार असते, तिच्यातून वीज जाते, तारेनं तो तुकडा तासून काढायचा. जागा सुन्न करून. दहा-पंधरा मिनिटं. सकाळी या, दुपारी घरी जा. पिशवीला हात लावायचं काम नाही."

मग काढलेला तुकडा पूर्ण तपासायला जातो, हा त्यातला मोठा फायदा. आत कुठे कॅन्सर सुरू झालाय का, कडा स्वच्छ आहेत का, ते कळतं. मामीसारखं गोठवलं तर पेशी जागेवरच मरतात, तपासायला हाती काही राहत नाही. डाग लहान आणि पूर्ण दिसणारा असेल तर ते पुरतं. माझ्या डागाची कड आतल्या वाटेकडे जाते म्हणून लीप.

हे सोबत होते. त्यांनी विचारलं, "हे कशामुळे होतं?" मला धडकी भरली. डॉक्टरबाई आम्हा दोघांकडे बघूनच बोलल्या. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, तो संबंधातून येतो. लग्न झालेल्या बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, पुरुषांनाही, आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर तो परतवून लावतं. काहींच्या शरीरात तो राहतो, दहा-वीस वर्षं गप्प बसतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. "तेव्हा तो हिशेब घरी मांडत बसू नका," असं त्यांनी यांना स्पष्ट सांगितलं. बसमध्ये हे अहमदपूरपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "रजा मी टाकतो, तू शाळेचं बघ." मला तेवढं पुरे होतं.

१४ जानेवारी, रविवार. नांदेड

मामीची बार्शीची गाडी डोक्यातून जाईना. दिवसभर वाचत बसले.

बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली तिथं खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात झाली, ग्रामीण भारतातली पहिली. डॉ. नेने, डॉ. कस्तुरी जयंत ही त्यातली नावं. त्याच लोकांनी टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर १९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागात तपासणी नाही, फक्त माहिती. ज्यांच्यात बिघाड सापडला त्यांना गोठवण्याचा किंवा लीपचा उपचार.

मामीचं गाव पहिल्या भागातलं असणार. शेजारचं गाव चौथ्या.

२००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीच्या एकाच तपासणीनंतर पुढच्या सात-आठ वर्षांत या कॅन्सरनं मेलेल्या बायका ३४. तपासणी नसलेल्या भागात ६४. जवळजवळ निम्म्या. बाकीच्या दोन पद्धतींनी त्या अभ्यासात एवढा फरक पडला नाही. आज जगभर एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देतात, त्यामागे जे पुरावे आहेत त्यात माझ्या माहेरच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांचा पुरावा फार मोठा आहे. हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं! विज्ञानाच्या पुस्तकात नाही, स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात नाही. ज्या गावांनी जगाला हे शिकवलं त्या गावांत आज ही गोष्ट मामीसारख्या दोघी-तिघींच्या पोटात आहे.

चौथ्या भागातल्या बायका ३१,४८८. त्यांना न तपासता ठेवलं, यावर अमेरिकेतल्या एका पॅथॉलॉजिस्टने पुढे उघड आक्षेप घेतला, वाद झाला. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं, देशात तेव्हा कुठेच तपासणी होत नव्हती, म्हणजे नेहमीची सेवा तीच होती. ते खरंही आहे. पण मामीनं विचारलेला प्रश्न त्यानं मिटत नाही. शेजारच्या गावातल्या बाईला 'तुला मुद्दाम तपासलं नाही' हे समजेल अशा भाषेत सांगायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

याहून वाईट न्यूझीलंडचं. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६६ पासून डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी नेमका माझाच आजार असलेल्या बायकांना पूर्ण उपचार न देता नुसतं नजरेखाली ठेवलं. हा बिघाड कॅन्सरकडे जात नाही असं त्यांचं मत होतं. बायकांना काहीच सांगितलं नव्हतं. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी ते एका मासिकातून बाहेर आणलं, सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली. त्याच बायकांच्या फायली पुढे तपासल्या गेल्या, आणि २००८ साली आकडा आला: उपचार अपुरे राहिले त्यांच्यापैकी ३१ टक्के बायकांना तीस वर्षांत कॅन्सर झाला. नीट उपचार मिळालेल्यांत एक टक्क्याहूनही कमी. माझ्या रिपोर्टवरून डॉक्टरबाई आज जे खात्रीनं बोलतात, त्या खात्रीची किंमत त्या बायकांनी भरली आहे.

१८ जानेवारी, गुरुवार. लातूर

पाळी संपून चारच दिवस झालेत, म्हणून आज. ओपीडीत शेजारी एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी, उदगीरकडची, तिचंही आजच. एकच मूल आहे. "ताई, पुन्हा दिवस राहतील का?" राहतात. पिशवी जागेवरच असते. फार खोल तुकडा काढावा लागला तर पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी कळा यायची शक्यता थोडी वाढते, म्हणून गरोदर राहिल्यावर या उपचाराबद्दल आधी सांगायचं. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं तेवढं मी तिला सांगितलं, बाकी आत विचार म्हटलं.

टेबलावर पाय रिकिबीत. मांडीला चिकटवायची पाटी लावली, विजेला परत जायला वाट हवी म्हणून. स्पेक्युलम प्लास्टिकचा मुलामा दिलेला, नाहीतर धातूतून चटका बसेल. समोरच्या पडद्यावर माझंच गर्भाशयमुख दिसत होतं. गुलाबी, ओलसर, मधे बारीक छिद्र. चव्वेचाळीस वर्षं अंगात आहे आणि आज पहिल्यांदा भेट. व्हिनेगरचा बोळा लावला. मिनिटभरात घड्याळाच्या बारापासून तीनपर्यंतचा भाग पांढरा पडत गेला. मग आयोडीन. चांगल्या पेशींत साखरेचा साठा असतो म्हणून त्या गडद तपकिरी झाल्या आणि तोच पट्टा पिवळट राहिला. दहावीच्या मुलांना स्टार्चवर आयोडीन टाकून दाखवते मी दरवर्षी. टेबलावर पडल्यापडल्या तेच आठवलं, आणि भीती जरा मागे सरली.

सुन्न करायची इंजेक्शनं तोंडाच्या कडेनं चार ठिकाणी दिली. टोचलेलं फारसं कळलं नाही, पण मिनिटभरात छाती धडधडायला लागली, पाय थरथरले. सिस्टरनी हात धरला, "औषधामुळे होतं मॅडम, दोन मिनिटांत जाईल." रक्त कमी जावं म्हणून त्यात ॲड्रेनलिन असतं. गेलं.

"आता खोकायचं नाही, हलायचं नाही." मशीनचा गुंई असा आवाज. तारेचा छोटा अर्धगोल एका बाजूनं आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. मोजून पाच-सहा सेकंद. दुखलं नाही. केस जळल्याचा वास आला, धूर एका नळीनं ओढून घेतला. चिमट्यात तुकडा: अंगठ्याच्या नखाएवढा, एका बाजूला पांढुरका. बारा वाजण्याची बाजू कळावी म्हणून त्याला दोरा बांधला आणि फॉर्मालिनच्या बाटलीत सोडला. मग गोल टोकाच्या तारेनं रक्ताच्या जागा शेकल्या आणि तपकिरी पेस्ट लावली.

बाहेर येऊन घड्याळ बघितलं. आत गेल्यापासून पंचवीस मिनिटंही झाली नव्हती. चहा, बिस्किटं, अर्धा तास पडून राहणं. कागदावर सूचना: महिनाभर संबंध नाही, जड उचलायचं नाही, नदी-तळ्यात उतरायचं नाही. कॉफीच्या चुऱ्यासारखं काळपट जाईल, घाबरू नका. तासात पॅड भरलं, ताप आला, घाण वास आला तर लगेच फोन. सूचना वहिनीनंही वाचल्या, यांनीही. यांना मुद्दाम वाचायला लावल्या.

१९ जानेवारी, शुक्रवार

पाळीतल्यासारखं थोडं दुखणं. एक गोळी. दुपारच्या गाडीनं परत.

२७ जानेवारी, शनिवार. नांदेड

सकाळपासून टीव्हीवर वाशीतलं मराठा आरक्षणाचं आंदोलन, जरांगे पाटील, गुलाल. गल्लीत फटाके. आणि माझं अचानक लाल जायला लागलं. खपली सुटते तेव्हा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान असं होतं, वाचलेलं होतं, तरी हातपाय गार पडले. डॉक्टरबाईंना फोन. "पॅड किती वेळात भरतंय?" तीन तासांत निम्मं. "मग पडून राहा, रात्री पुन्हा सांगा." रात्री थांबलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

काल पूनम पांडे ही अभिनेत्री याच कॅन्सरनं गेल्याची बातमी सगळीकडे. आज ती जिवंत असल्याचं तिनंच सांगितलं, म्हणे जागृतीसाठी केलं. शाळेत स्टाफरूममध्ये हशा पिकला. मला संताप आला. २०२० च्या अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला ७७ हजारांवर बायका यानं मेल्या. कुणाच्या घरात ते चालू असेल, आणि त्या घरात कालची बातमी कशी ऐकली गेली असेल? शिवाय त्या सगळ्या गोंधळात 'तपासणी कुठे करायची' हे एका चॅनेलनं धड सांगितलं नाही. परवाच्या अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यायच्या याच कॅन्सरविरोधी लशीचा उल्लेख होता, तोही त्यात वाहून गेला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

तुकड्याचा रिपोर्ट: सीआयएन ३, कॅन्सर नाही, सगळ्या कडा स्वच्छ. सहा महिन्यांनी एचपीव्ही तपासणी, मग ठरलेल्या वर्षांनी पुन्हा. बिघाड परत येऊ शकतो, म्हणून हे चुकवायचं नाही. फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

लेक तेरा वर्षांची. पुण्याच्या सीरमची लस गेल्या वर्षी बाजारात आली आहे. या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात. शनिवारी पहिला. कशाची लस, असं तिनं विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं, चित्र काढून.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार. रथसप्तमी

हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. गल्लीतल्या बायका, शाळेतल्या, जाऊबाईंच्या भिशीतल्या. तिळगूळ दिल्यावर मी सांगायला बसले. आधी दोघी-तिघी खाली मान घालून वाटीशी चाळा करत होत्या. "पिशवी काढली नाही" म्हटल्यावर माना वर झाल्या. दुखतं का? नवऱ्याची सही लागते का? पाळी येते ना नंतर? काही होत नसताना कशाला जायचं?

काही होत नसतानाच जायचं, एवढंच मी वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले. त्रास सुरू होतो तेव्हा बहुधा तारेच्या तुकड्याचं काम राहिलेलं नसतं. २०१६ पासून सरकारी नियमच आहे, ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर लावून तपासणी. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही तपासणी झालेली निघाली नाही. माझ्या दिवाणखान्यात तेवढ्या बायकांत माझ्याशिवाय एकच होती, तीही नर्स.

सगळ्या गेल्यावर जाऊबाई थांबल्या. "माझं आता काही राहिलं नाही ना? पिशवीच नाही म्हटल्यावर?" मी म्हटलं, तोंडासकट काढली की तोंड ठेवून वरची काढली, ते फायलीत बघावं लागेल. तोंड ठेवलं असेल तर तपासणी तुम्हालाही हवी. त्या घरी जाऊन फाइल घेऊन आल्या. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव आहे, तारीख आहे, बिलाचा आकडा आहे. तोंड ठेवलं की काढलं, याचा उल्लेख नाही. मंगळवारी शाळा सुटली की आम्ही दोघी दाखवायला जाणार आहोत.